दैवाचा रहाट आणि ‘मृच्छकटिक’

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या दहा अंकी संस्कृत प्रकरणात, म्हणजे कविकल्पित कथानकावर रचलेल्या नाटकात, दैवाला रहाटाची उपमा दिलेली असून त्याचे एक गाडगे भरून वर येत असताना दुसरे रिते होऊन खाली जाते. ही चंचलता गाड्यांच्या अदलाबदलीत विशेष प्रत्ययाला येते. नायिका वसंतसेना चुकून राजाचा मेहुणा शकार याच्या गाडीत बसून मृत्यूच्या दारी पोहोचते, तर बंदिवासातून निसटलेला आर्यक नायक चारुदत्ताच्या गाडीत शिरून वाचतो आणि पुढे राजा होतो. दानधर्मापायी निर्धन झालेला चारुदत्त वधस्थानावरून कुशावतीच्या राज्यापर्यंत पोहोचतो, तो मात्र निव्वळ योगायोगाने नव्हे, कारण आर्यकाला अभय त्यानेच दिलेले असते. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ घेणारा शकार अखेरीस त्यालाच शरण येतो. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’ने ही कथा मराठी रंगभूमीवर रुजवली.