कात्रणांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी मशीनखाली जो ढीग साचलेला असतो, त्याविषयी आज बोलणार आहे. ब्लाऊजच्या गळ्यातून निघालेले अर्धगोल, पायजम्याच्या कडेच्या पट्ट्या, पडद्याच्या कापडाचे वीतभर तुकडे. आपण त्यांना कात्रणं म्हणतो. आमच्या भागातल्या काही बायकांबरोबर मी या कात्रणांतून आसनं, अभ्रे, दुपटी, बटवे आणि गरम भांडं उतरवायची जाड फडकी शिवते. नव्यानं येणारी प्रत्येक जण दोन गोष्टी विचारते. हे शिवायचं कसं, आणि विकायचं कितीला?

आधी शिवण्याचं बोलू. आपल्याला गोधडी नवी नाही. विरलेली लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळं लावायची आणि धावदोऱ्यानं सगळे थर एकजीव करायचे. ते कापड वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं असे. त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असे, आटायचं तेवढं ते आटलेलं असे. कात्रण मात्र कोरं असतं. ते सुती आहे की पॉलिस्टर, हेही नुसतं पाहून कळत नाही. म्हणून सुई हातात घेण्याआधी निवड करावी लागते.

शंका आली तर कडेचा एक धागा ओढून काढावा, चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास तसाच येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा गमतीची नाही. तापलेल्या कढईचा कान धरायच्या फडक्यात पॉलिस्टर असलं, तर ते वितळून हाताला चिकटू शकतं. अशा फडक्याचं वरचं कापड, आतलं भरण आणि दोरा, तिन्ही सुतीच हवीत. आत जुन्या सुती टॉवेलचे दोन-तीन थर घातले की काम होतं. आणि हे फडकं कोरडंच वापरावं. ओल्या कापडातून उष्णता लगेच हाताशी पोचते. पॉलिस्टरची कात्रणं टाकायला नकोत, ती बटव्याला, पिशवीला चालतात.

मग धुणं. कात्रणं एखाद्या जुन्या अभ्र्यात भरून, तोंड बांधून भिजवली की दोरे सुटून गुंता होत नाही. लाल आणि गडद निळे तुकडे वेगळे भिजवावेत, ओले असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावेत. रंग उतरला तर तो तुकडा दुपट्यात घालू नये.

आता दीड फुटाचं चौकोनी आसन घ्या. त्याला सहा इंचाचे नऊ तुकडे लागतात. पण कापताना साडेसहा इंच कापायचे, कारण चारही बाजूंना पाव इंच माया सोडावी लागते. कापड उभ्या-आडव्या धाग्यात कापावं. तिरपं कापलं तर ते ताणतं आणि आसनाचे कोपरे जुळत नाहीत. तीन-तीन तुकड्यांच्या पट्ट्या जोडायच्या, मग पट्ट्या एकमेकींना. खाली भरण, त्याखाली अस्तर. मधून बाहेर टाचत यायचं, म्हणजे चुण्या पडत नाहीत. मग बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी आणि शेवटी कडेनं गोट.

आता दुसरा प्रश्न. हातानं टाके घातलेल्या अशा एका आसनाला सगळे मिळून चार तास लागतात असं धरू. समजा दिवसाची मजुरी चारशे रुपये आहे. आठ तासांचा दिवस, म्हणजे तासाला पन्नास. चार तासांचे दोनशे झाले. अस्तर, दोरा, भरण यांचे चाळीस धरा. विकणाऱ्याचा वाटा यात अजून आलेलाच नाही. आणि प्रदर्शनात गिऱ्हाईक आसन उलटसुलट करून म्हणतं, "चिंध्यांचंच तर आहे, शंभरला द्या." शंभरातून चाळीस वजा केले तर बाईच्या हातात तासाला पंधरा रुपये पडतात. कापड फुकट आलं म्हणून तिचा वेळही फुकट धरला जातो.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीत, 1966 साली कृष्णवर्णीय बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. जवळच्याच गीज बेंड गावातल्या बायकाही तीत होत्या. घरात पांघरायला शिवल्या जाणाऱ्या गोधड्या आता विकल्या जाऊ लागल्या. 1972 मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानानं संस्थेला कॉर्डरॉयचे अभ्रे शिवायचं काम दिलं. त्यातून उरलेल्या तुकड्यांच्या बायकांनी घरी गोधड्या केल्या. गीज बेंडच्या गोधड्या पुढे 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. संग्रहालयात जागा मिळायला फार वर्षं गेली. पण आपल्या कामाचे पैसे एकत्र येऊन मागायचे, हे त्या बायकांनी 1966 मध्येच ठरवलं होतं.

नातवासाठी शिवलेल्या दुपट्याची किंमत कोणी मागत नाही, मागूही नये. पण विकायला शिवत असाल, तर पहिल्या नगाला लागलेले तास वहीत लिहून ठेवा आणि गटातल्या सगळ्याजणींनी एकच दर ठरवा. एकीनं भाव पाडला की सगळ्यांचा पडतो. दर गिऱ्हाइकाला जड वाटत असेल, तर आसनाऐवजी लहान वस्तू शिवा किंवा जोडकाम मशीनवर करा. मजुरी कापू नका.

आणि घेणाऱ्यांनाही एक विनंती. आसन हातात घ्याल तेव्हा ते उलटं करून मागचे टाके पाहा, आणि याला किती वेळ लागला, एवढं विचारा. घासाघीस त्यानंतर करा, करावीशी वाटली तर.