जुनी पेटी आणि नवें यंत्र



संगणकांत मजकूर सांठविणारी जी पेटी असते, तिला 'हार्ड डिस्क' म्हणतात. चुंबकीय लेपाच्या फिरत्या तबकड्यांवर तींत मजकूर उमटतो. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें अशी पहिली सांठवण बाजारांत आणली, तेव्हां तिच्या ५० तबकड्यांवर सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या पेटींत त्याच्या लाखपट मावतात. परंतु सांठविलेलें वाचतां येईलच, असें मात्र नाहीं. हें मला माझ्याच घरीं उमगलें.

मेहकर तालुक्यांत मी शिक्षक असतांना, २००२ सालीं, आईच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या लिहून घेऊन संगणकावर उतरविल्या होत्या. पुढें वह्या वाळवीनें खाल्ल्या, आईहि गेली. ओव्या उरल्या त्या केवळ त्या पेटींत. गतवर्षीं जुना संगणक बंद पडला. दुरुस्ती करणारा म्हणाला, "गुरुजी, टाकून द्या आतां."

पहिली अडचण जोडणीची. जुन्या पेटीला ४० टांचण्यांची रुंद पट्टी लागे. नव्या यंत्रांत तिला जागाच नाहीं. भाच्यानें खामगांवाहून जोडणीचा एक तुकडा आणला व पेटी उघडली. पाहतों तों ओव्यांच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता काला! त्या काळच्या पुष्कळ मराठी टंकांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेले असत, आणि ज्याची त्याची मांडणी निराळी. तो टंक नसला कीं खालचें इंग्रजी उघडें पडे. आतां युनिकोडमध्यें प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणतेंहि असो.

आमच्या आजोबांचे मोडी कागद आजहि शाबूत आहेत, पण घरांत ते वाचणारा कोणी नाहीं. माझ्या पेटीचें दुखणें तेंच होतें.

मुलांच्या खेळांतहि हाच प्रश्न येतो. २००० सालच्या दुसऱ्या प्लेस्टेशनवर पहिल्याचे बहुतेक खेळ चालत. २००६ च्या तिसऱ्यांत दुसऱ्याचे खेळ चालावेत म्हणून आरंभीं जुने भागच बसविले होते. पुढें खर्च वांचविण्यासाठीं ते काढले. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० वर जुने खेळ खेळावयाचे तर हार्ड डिस्क लागे, कारण जुन्या यंत्राची भाषा नव्याला समजावून देणारा दुभाषा तींतच राही. जुन्याला ओळखण्याची सोय कोणी तरी मुद्दाम ठेवावी लागते, व तिचा खर्च सोसावा लागतो.

अखेर एका स्नेह्याजवळ तो जुना टंक सांपडला. रूपांतर झालें, परंतु रफार व जोडाक्षरें जागोजागीं चुकलीं. महिनाभर रोज सकाळीं बसून मीं तीं दुरुस्त केलीं. एके ठिकाणीं शब्दच लागेना. थोरल्या बहिणीला दूरध्वनि केला. तिनें ती ओवी गाऊनच दाखविली, आणि शब्द मिळाला. कोणत्याहि पेटींत नसलेला तो शब्द तिच्या कंठांत होता.

म्हणून माझें सांगणें एवढेंच: नवें यंत्र घराल तेव्हां जुन्यांतील मजकूर त्याच आठवड्यांत उतरवून घ्या, तो युनिकोडमध्यें ठेवा, एक प्रत दुसरीकडे असूं द्या, आणि जें जिवाभावाचें असेल तें कागदावरहि छापून ठेवा. आईच्या ओव्यांच्या दोन छापील प्रती मीं केल्या आहेत. एक बहिणीकडे आहे. दुसरी माझ्या उशाशीं.