प्लाझ्मात शिरणारं पाणी

आजचा विषय एका महागड्या यंत्राचा असला, तरी मला बोलायचंय ते त्याच्या दारातल्या पाण्याबद्दल.

या यंत्राच्या पोटात आर्गॉन वायूत रेडिओ लहरींनी पेटवलेला प्लाझ्मा, म्हणजे आयनांनी भरलेला तप्त वायू असतो; त्याचं तापमान ६,००० ते १०,००० केल्विनच्या घरात असतं. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये स्टॅनली ग्रीनफिल्ड आणि अमेरिकेत आयोवाला वेल्मर फासेल यांनी तो रासायनिक पृथक्करणाला जुंपला. त्यात धातूंचे अणू सुटे होतात. त्यांचा प्रकाश मोजा, नाहीतर त्यांचे आयन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तोला.

नमुना मात्र पाण्यात, बहुधा नायट्रिक आम्लात, विरघळवलेला असतो. नेब्युलायझर त्याचा तुषार करतो, मोठे थेंब स्प्रे चेंबरमध्येच गळतात, आणि नेहमीच्या मांडणीत जेमतेम १ ते २ टक्के द्रावण प्लाझ्मापर्यंत पोचतं. बाकीचं निचऱ्यात! डिटेक्टरसाठी लाखो रुपये मोजणाऱ्या प्रयोगशाळा या निचऱ्याच्या नळीकडे ढुंकून बघत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग जास्त तुषार का सोडू नये? कारण ओल्या लाकडाच्या चुलीसारखं होतं: अर्धी आग ओल वाळवण्यातच जाते. शिवाय पाण्यातला ऑक्सिजन आर्गॉनशी जोडी जमवतो. अणुभारानं आर्गॉन ४०, ऑक्सिजन १६, बेरीज ५६. आणि लोखंडाचा मुख्य समस्थानिकही नेमका ५६चा. आयन तोलणाऱ्या यंत्राला वाटतं, लोखंड आलं.

तेव्हा तुषार वाटेतच वाळवायचा. जुनी रीत म्हणजे तुषाराची नळी बाहेरून तापवायची आणि पुढं वाफ थंड करून पाणी काढून घेणारा कंडेन्सर लावायचा. यात उष्णता भिंतीकडून वायूला आणि वायूकडून थेंबाला, अशी फिरून जाते. मायक्रोवेव्हची गोष्ट वेगळी. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी काच किंवा क्वार्ट्झमधून आरपार जातात आणि थेंबातल्या पाण्याच्या रेणूंना व आयनांना थेट हलवतात. थेंब आतून तापतो. स्पेनमधल्या अलिकांते विद्यापीठात हुआन मोरा, अँतोनिओ कानाल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीचा कसून अभ्यास केला. कंडेन्सर इथंही लागतोच. नाहीतर थेंबाचं पाणी वाफ होऊन त्याच प्लाझ्मात शिरणार, मग वाळवून मिळवलं काय?

गोम आहे ती आयनांत. तुषाराचे थेंब मायक्रोमीटरचे, लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. एवढासा थेंब ऊर्जा शोषणार किती? आम्ल किंवा क्षार असले की शोषण वाढतं, शुद्ध पाण्याचा थेंब मागे राहतो. म्हणजे वाळवणं द्रावणागणिक बदलतं. स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाचं तुलनेचं द्रावण, साध्या पाण्यात आणि नमुना आम्लात असेल, तर दोघांचे थेंब वेगवेगळे वाळतील आणि स्टँडर्डवरून काढलेली तुमची सरळ रेषा खोटं बोलेल. दोघांतलं आम्ल सारखं ठेवा. माझ्या मते या पद्धतीचं निम्मं यश इथंच ठरतं.

अगदी कोरडा प्लाझ्माही नेहमी बरा नसतो. पाण्यातून येणारा हायड्रोजन उष्णता वाहून नेतो, त्यामुळे थोडी ओल उपयोगीच पडते. आणि पारा, बोरॉन यांसारखी उडून जाणारी मूलद्रव्यं मोजायची असतील, तर वाळवणीच्या वाटेला न जाणंच बरं. ती वाफेबरोबर कंडेन्सरच्या बाटलीत जाऊन बसायची, आणि पडद्यावर आकडा कमी दिसायचा.