काळ्या वाळूतला धडा

‘लोहचुंबक लोखंडाला ओढतो’ हे वाक्य पहिलीतलं मूलही घडाघडा म्हणून दाखवतं. पण मी शाळेत हे वाक्य सगळ्यात शेवटी येऊ देते. आधी मुलांपुढे वस्तू ठेवते आणि दोन ढीग करायला सांगते. चिकटेल असं वाटतं ते एकीकडे, चिकटणार नाही ते दुसरीकडे. मगच चुंबक हाती देते. पितळेचा तांब्या चिकटत नाही, विळी चिकटते. स्टीलचा एक चमचा चिकटतो, दुसरा नाही! अशा वेळी मोठ्यांनी जरा गप्प बसावं. स्टीलमध्ये निकेल पुरेसं मिसळलं की चुंबक बहुधा त्याला ओढत नाही, हे कारण मुलानं “असं का?” विचारल्यावर सांगावं.

चुंबकही विकत आणायला नको. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जुन्या स्पीकरमधला जाडजूड गोल चुंबक मिळू शकतो.

आपल्या रत्नागिरीत तर प्रयोगाचं सामान किनाऱ्यावरच पसरलेलं आहे. मांडवीची वाळू काळी का? सह्याद्रीचा काळा खडक झिजतो, त्यातले जड कण नद्या समुद्राकडे आणतात. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवा. काळे कण मिशांसारखे उभे राहतात, शिंपल्यांचा चुरा खालीच राहतो. पटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट. इल्मेनाइटही त्याच वाळूत असतं, पण त्याची ओढ क्षीण असते. पिशवीतून चुंबक काढला की कण गळून पडतात. ते कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा, रेषा उमटतात.

थोड्या मोठ्या मुलांसाठी तुम्ही स्वतः सुई चुंबकावर एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा घासा आणि पानावर ठेवून पाण्यात तरंगवा. सुई दक्षिणोत्तर थांबते. समुद्राकडे तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला, म्हणजे पडताळाही तिथंच. जवळ विळी नेली की सुई बिचकते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडण्याची भीती होती. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. मुलांना ही गोष्ट सुईकडे बघताना चटकन कळते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. काही खेळण्यांत वाटाण्याएवढे, फार जोरदार चुंबक असतात. ते लहानग्यांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले, तर ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. नुसती शंका आली, तरी दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. मुलांच्या हाती चुंबक द्यायचा तो मुठीएवढा, तोंडात न मावणारा. एवढी काळजी घ्या आणि सुट्टीच्या दिवशी ओहोटीची वेळ बघून मुलांना किनाऱ्यावर घेऊन जा.