फळी बदलली, वारा तोच

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका क्रीडाशिक्षिकेनं केलेलं भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



मला मुलींच्या खेळावर बोलायला सांगितलंय. मी खेळाची बाई, म्हणजे कबड्डी नाहीतर खो-खोवर बोलणार असं तुम्ही धरून चालला असाल. पण आज मी पाण्यावरच्या खेळाबद्दल बोलणार आहे. हसू नका! सोलापूर आणि पाणी म्हटलं की आपल्याला टँकर आठवतो, नाहीतर उजनी. तरी शेवटपर्यंत ऐका. गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

विंडसर्फिंग नावाचा खेळ आहे. एक लांब फळी, तिच्यावर एक शीड. फळीवर उभं राहायचं, दोन्ही हातांनी शिडाचा दांडा धरायचा आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचं. इंजिन नाही, वल्हं नाही. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९८४ साली आला, तो फक्त पुरुषांसाठी. बायकांची वेगळी शर्यत सुरू व्हायला १९९२ साल उजाडलं.

आपल्या शेजारच्या गोव्यात कात्या कुएल्हो नावाची मुलगी हा खेळ खेळते. तिचा भाऊ डेन हाही याच खेळातला. कात्या ज्या फळीवर तयार झाली तिचं नाव आरएस:एक्स. २००८ च्या बीजिंगपासून टोकियोपर्यंत चार ऑलिम्पिक याच फळीवर झाली. या खेळात प्रत्येक प्रकारच्या फळीला किंवा बोटीला ‘क्लास’ म्हणतात. एका क्लासमध्ये सगळ्यांचं सामान सारखं. म्हणजे जिंकायचं ते अंगातल्या कसबावर, पैसे टाकून भारी फळी घेतली म्हणून नाही.

मग २०१९ मध्ये जागतिक संघटनेनं ठरवलं, की पॅरिसच्या ऑलिम्पिकला आरएस:एक्स बंद, आता नवा क्लास. त्याचं नाव आयक्यूफॉइल. ज्यांना ऑलिम्पिकला जायचं होतं त्या साऱ्या जगातल्या खेळाडूंना फळी बदलणं भाग पडलं. कात्याही नव्या क्लासकडे वळली.

आता तुम्ही म्हणाल, फळीच ना, एक सोडली दुसरी घेतली. तसं नाही. जुनी फळी पावणेतीन मीटरपेक्षा लांब, पाण्याला चिकटून चालणारी. नवी तिच्यापेक्षा बरीच आखूड आणि रुंद. तिच्या पोटाखाली एक उभी दांडी, आणि दांडीच्या तळाला विमानाच्या पंखासारखा पंख. वेग आला की हा पंख पाण्यातून वर उचलतो आणि अख्खी फळी पाण्याच्या वर तरंगत धावते. पाण्यात राहतात ते फक्त दांडी आणि तिच्या तळाचा पंख. फळीचं घासणं गेलं, म्हणून वेग कितीतरी वाढला. पण तोल जरा चुकला, की माणूस धाडकन पाण्यात.

आणि अंगही बदलावं लागतं. जुन्या फळीवर वारा कमी असला की शीड हातानं ओढून ओढून, वल्हं मारल्यागत पुढं जायचं. त्याला हलकं, चिवट अंग बरं. नव्या फळीवर वाऱ्याला टक्कर द्यायची, तर अंगात वजन हवं, ताकद हवी. ज्यांनी वर्षानुवर्षं वजन कमी ठेवलं, त्यांना आता खाऊन, व्यायाम करून ते वाढवायला लागलं. विचार करा, जे राखण्यासाठी जीव काढला, तेच बदला म्हणून सांगितलं.

मग जुनं सगळं वाया गेलं का? नाही. वारा कुठून येतोय, पाण्यावरची काळी लहर कुठं सरकतेय, सुरुवातीच्या रेषेवर कुठल्या टोकाला उभं राहायचं, कधी वळायचं, ही समज त्यांच्यापाशीच राहिली. तुमच्यातल्या कडक भाकरी करणाऱ्या ताईंना हे लगेच कळेल. उद्या थापायचं मशीन आलं, तर थापण्याचा हात मागं पडेल. पण पीठ जुनं आहे का ताजं, पाणी किती गरम घ्यायचं, भाकरी किती वाळली म्हणजे महिनाभर टिकेल, हे मशीनला कुठं माहीत? ते तुम्हालाच माहीत.

तरीही पहिलं वर्ष वाईट जातं. हेच मला आज सांगायचंय. क्लास बदलला की काल पुढं असलेली मुलगी आज मागं पडते. ती पडते, भिजते, शेवटून येते. बघणाऱ्याला वाटतं, संपलं हिचं. प्रत्यक्षात ती नवं शिकत असते.

फ्रान्सची शार्लिन पिकों घ्या. आरएस:एक्सवर २०१६ ला रिओत तिनं सुवर्णपदक जिंकलं. मग तिला मुलगी झाली. लेकरू लहान असताना ती परत फळीवर चढली आणि टोकियोत रौप्य मिळवलं. पुढं फळी सोडून तिनं दोघींनी मिळून चालवायची वेगवान बोट धरली. जोडीदार होती सारा स्तेयार, तीही आईच. २०२४ ला या दोघींनी ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं, तेव्हा शार्लिन ३९ वर्षांची होती. आपल्याकडं त्या वयाच्या बाईला ‘आता तुझं काय’ म्हणतात!

सगळ्यांच्या वाट्याला पदक येत नाही, हेही खरं सांगते. पॅरिसला शिडाच्या खेळात भारताकडून दोघंच गेले, विष्णू सरवनन आणि नेत्रा कुमानन, आणि दोघंही बोटीवाले. विंडसर्फिंगमध्ये आपलं कुणीच नव्हतं. पण आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत जुनी आरएस:एक्स अजून होती आणि तिच्यावर आपल्या इबाद अलीनं कांस्य आणलं. त्याच खेळांत नेहा ठाकूर नावाच्या मुलीनं आयएलसीए-४ बोटीवर रौप्य आणलं. नेहा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या तलावावर. देवासला कुठं समुद्र आहे, बायांनो? सोलापूरइतकाच!

नेहाच्या बोटीची एक गंमत आहे. आयएलसीए ४, ६ आणि ७, या तिन्हींचं खालचं धूड एकच. मुलगी वाढली की शीड मोठं लावायचं. चारवर साधारण पावणेपाच चौरस मीटरचं शीड, सहावर पावणेसहाच्या आसपास, सातवर सात. ऑलिम्पिकमध्ये बायकांची शर्यत सहावर असते. म्हणजे मुलगी मोठी होणार हे धरूनच बोट बनवलीय.

आपण मुलगी मोठी होणार हे धरून काय बनवतो? माझ्या शाळेत सातवीपर्यंत मुली पळतात, उड्या मारतात, तालुक्याला जातात. आठवी-नववीत अंग बदलतं, वजन वाढतं, मोठ्या गटात खेळावं लागतं. म्हणजे क्लास बदलतो. पहिल्या वर्षी ती हरते. आणि नेमकं त्याच वर्षी घरात ठरतं, ‘आता नंबर येत नाही, कशाला जायचं, घरात हाताखाली राहू दे.’ पुढचं वाक्य लग्नाचं असतं. ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

शिडाच्या शर्यतीत पहिल्या नंबराला एक गुण, दुसऱ्याला दोन, ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. आणि बहुतेक स्पर्धांत प्रत्येकाची सगळ्यात वाईट शर्यत मोजणीतून वगळतात. एखादा दिवस वाईट जाणार, हे नियमातच धरलंय. आपल्या लेकीला एवढी सवलत घरात द्या.

कुणी विचारेल, पाण्याची भीती? मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये उजनीत बोट उलटून सहा जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून सांगते, या खेळात तरंगण्याचं जाकीट असतं, आधी पोहायला शिकवतात, सोबत सुरक्षेची बोट असते. भीतीवर उपाय शिकणं हाच आहे. धरणाच्या काठच्या गावात तर मुलीला पोहता आलंच पाहिजे, मग ती खेळो न खेळो.

आता मागणं. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्या. पहिली, आपल्या गावातल्या आठवी ते दहावीच्या किती मुलींनी या वर्षी खेळ सोडला, नावानिशी मोजा. दुसरी, त्यांच्या आयांशी बोला आणि दोन वर्षांची मुदत मागून घ्या. गटातल्या बाईनं नवा धंदा काढला तर पहिल्याच महिन्यात नफा दाखव म्हणून आपण तिच्या उरावर बसत नाही, हप्ते बांधून देतो. लेकीलाही हप्ते बांधून द्या. तिसरी, बूट, गाडीभाडं, खुराक यासाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज देता येतं का, ते ठरवा. शेळीसाठी देतो, मुलीसाठीही देऊ.

तुमची मुलगी ऑलिम्पिकला जाईल असं मी म्हणत नाही. पण ती नव्या क्लासमध्ये पडत-धडपडत असताना काठावरून ‘परत ये’ म्हणून हाका मारू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.