मागच्या रांगेतल्या खुर्च्या

मी लहान होतो तेव्हा पडेगावातल्या आमच्या मशिदीत एकही खुर्ची नव्हती. आता कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. ज्यांना सजद्यातून उठता येत नाही, ते खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. धर्माची त्याला मुभा आहे, माझी तक्रार नाही. पण त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या खिशात साखरेच्या गोळ्या असतात, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

माझ्या अब्बांना वीस वर्षांचा मधुमेह होता. एका वर्षी त्यांचं वजन नऊ किलोंनी उतरलं. पायजम्याची नाडी आवळावी लागे, शेरवानी खांद्यावरून ओघळे. साखरेचा रिपोर्ट मात्र झकास. घरात आम्ही खूश! मीच म्हणालो, "अब्बा, तुम्ही तर जवान दिसायला लागलात." त्यानंतर एका फजरला सजद्यातून उठताना त्यांनी शेजारच्या माणसाचा गुडघा धरला. तो शेजारचा माणूस मीच होतो. घरी येताना एवढंच बोलले, "पाय ऐकत नाहीत, बेटा."

डॉक्टरांनी सांगितलं, झडली ती नुसती चरबी नव्हे, स्नायूही झडले. याला सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९८९ साली ग्रीक शब्दांवरून हे नाव सुचवलं. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे गरिबी. मांसाची गरिबी! कवीलाही इतका नेमका शब्द सहज सुचत नाही.

वयाबरोबर स्नायू सगळ्यांचेच उतरतात. मधुमेहात ते लवकर उतरतात, कारण स्नायूंची मोडतोड रोखण्याचं कामही इन्सुलिनच करतं. ते कमी पडलं किंवा त्याचा असर होईनासा झाला, की स्नायू झिजतात. आणि जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेणारं मोठं कोठार म्हणजे हेच स्नायू. कोठार आटलं की साखर आणखी वाढते. असा हा फेरा आहे.

आपल्याकडे तर मूळ भांडवलच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा जोडीने फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! काटा दोघांना एकच माप देतो. म्हणून घरातल्या मधुमेही म्हाताऱ्या माणसाचं वजन आपोआप उतरलं, तर पेढे वाटू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरी एक साधी परीक्षा करता येते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर दखल घ्यावी. शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

आता जेवणाचं. साखर आहे म्हणून अब्बांनी आधी गोड सोडलं, मग दातांमुळे गोश्त सोडलं, आणि रात्रीचं जेवण चहा-खारीवर आलं. आम्ही त्याला परहेज म्हणत होतो. ती उपासमार होती. डाळ, अंडी, दही, हरभरे, मासे, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारूनच.

नुसतं चालणं मात्र पुरत नाही, स्नायूंवर ओझं पडावं लागतं. बोस्टनमध्ये ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली, असं १९९० साली प्रसिद्ध झालं. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर मेहनतीनं साखर एकदम उतरू शकते, तेवढं सांभाळावं.

अब्बांनी मशिदीतल्यासारखीच एक खुर्ची घरी आणवली आणि तिच्यावरून उठाबशा सुरू केल्या. सजदा काही परत आला नाही. पण शेवटपर्यंत रात्री न्हाणीपर्यंत ते एकटे जात, कुणाला उठवत नसत.

आता मलाही साखर निघाली आहे. ती खुर्ची माझ्याकडे आली. फजरला निघण्याआधी दहा वेळा उठतो, बेगम मोजते. काल नववी मोजताना ती थांबली.

"हात टेकलात. ही धरायची नाही."