बाणाची टेकण



काल याच व्यासपीठावरून उपनिषदांतील आत्मविचारावर व्याख्यान झाले आणि उद्या सहकारी चळवळीवर होणार आहे. या दोन भारदस्त विषयांच्या मध्ये चालकांनी मला उभे केले आहे. माझा विषय काय, तर करंगळीच्या पेराएवढी एक तार! धनुष्यातून सुटेपर्यंत बाण जिच्यावर टेकलेला असतो ती ही तार. तिला खेळाडू ‘रेस्ट’ म्हणतात. मी आज तिला टेकण म्हणणार आहे. मी तंत्रशाळेतला शिक्षक. लेथ आणि कानस यांच्या संगतीत माझी तीस वर्षे गेली. तेव्हा माझ्याकडून एखाद्या लहानशा वस्तूविषयीच ऐकावे लागेल, हे चालकांनी गृहीत धरलेच असले पाहिजे.

पण विषय लहान असला तरी गरज खरी आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीसाठी उतरला. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही जगज्जेते झाले. तेव्हापासून मैदानावर मुले वाढली आहेत आणि मुलांच्या मागे आईवडीलही येतात. धनुष्य घेताना ते चारजणांना विचारतात. पण टेकण घेताना मात्र दुकानदार जी पुढे करील ती घेतात. तेथेच घोटाळा होतो.

द्रोणाचार्यांनी अर्जुनाला काय दिसते असे विचारले, आणि त्याला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसत होता, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पण बाण कशावर टेकला आहे, असे कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. जुन्या धनुष्याला वेगळी टेकण नसे. धनुष्य धरणाऱ्याचा हात हीच टेकण. इंग्लंडच्या लांब धनुष्यावर बाण मुठीच्या बोटावर टेके. आशियात जेथे अंगठ्याने दोरी ओढण्याची रीत होती, तेथे तो धनुष्याच्या दुसऱ्या अंगाला, अंगठ्यावर टेके. हाताची टेकण स्वस्त खरी, पण ती रोज थोडी वेगळी असते. आज मूठ घट्ट, उद्या सैल. आज बोट वर, उद्या खाली. पुढे धनुष्याला लहानशी खाच आली, मग चिकटवायची टेकण आली, मग तारेची. या सगळ्या प्रवासाचा हेतू एकच होता: बाण दर वेळी त्याच जागी टेकावा.

आता बाण सुटतो तेव्हा काय होते ते पाहू. आपल्याला वाटते, दोरी मागून ढकलते आणि बाण सुतासारखा सरळ जातो. तसे होत नाही. बोटांवरून दोरी निसटताना ती किंचित बाजूला सरकते. मागून अकस्मात जोर येतो, पुढे टोकाचे वजन असते, आणि मधली काडी वाकते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण प्रथम धनुष्याच्या अंगाला दाबला जातो, मग उलट बाहेरच्या बाजूला वाकतो, आणि मासळीने शेपूट हलवावे तसा धनुष्याला वळसा घालून निघून जातो. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात अतिजलद छायाचित्रे घेऊन हे वाकणे प्रत्यक्ष दाखविले. हा सारा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत आटोपतो. टेकणीचा आणि बाणाचा संबंध तर त्यातल्याही पहिल्या तुकड्यापुरताच.

म्हणून टेकणीची कामे दोन. सुटेपर्यंत बाणाला खालून आधार द्यायचा, आणि सुटल्यावर त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे. पाहुण्याला दारापर्यंत पोचवून दार अडवून उभा न राहणारा यजमान जसा असतो, तशी टेकण असावी. बाजूचा दाब सोसण्याचे काम वेगळ्या वस्तूचे असते. धनुष्याच्या मधल्या धातूच्या भागाला, म्हणजे रायझरला, आरपार छिद्र असते. त्यात स्प्रिंगची एक दांडी बसवितात. तिला प्लंजर किंवा बटन म्हणतात. व्हिक बर्गर या अमेरिकन तिरंदाजाच्या नावावरून जुनी मंडळी तिला बर्गर बटनही म्हणत. टेकण खालून धरते, बटन बाजूने धरते. ही कामाची वाटणी समजली, की निम्मी निवड झालीच म्हणून समजा.

येथे कोणी म्हणेल, एवढ्याशा तारेने असे काय बिघडणार? त्याला उत्तर गणिताचे आहे, आणि ते तिसरीतल्या मुलालाही येईल. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते. बाणाची लांबी धरा ७० सेंटिमीटर. म्हणजे अंतर बाणाच्या शंभरपट. बाणाचे मागचे टोक जागेवर ठेवून पुढची टेकण १ मिलिमीटर हलली, तर नुसत्या भूमितीच्या हिशेबाने लक्ष्यावर १०० मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर फरक पडतो. आणि दहा गुणांचे मधले वर्तुळ आहे १२.२ सेंटिमीटर व्यासाचे. त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत अंतर ६.१ सेंटिमीटर. मध्यावर लागणारा बाण १ मिलिमीटरच्या चुकीने त्या वर्तुळाबाहेर गेला!

पण या गणितात एक दिलासाही आहे. टेकण १ मिलिमीटर खाली आहे आणि ती रोज तेवढीच खाली राहणार आहे, तर काहीच बिघडत नाही. नेम धरण्याची साइट तेवढी सरकवायची, की बाण पुन्हा मध्यावर. स्थिर चूक सुधारता येते. चंचल चूक सुधारता येत नाही. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे, आणि ते मी पुस्तकातून शिकलो नाही. घरच्या एका प्रसंगातून शिकलो.

माझी पुतणी तेव्हा सोळा वर्षांची होती. साठ मीटरवर सराव करी. तिच्यासाठी टेकण मीच निवडली. दुकानात चार प्रकार होते. त्यातली एक दिसायला फार देखणी. वरखाली करायला एक स्क्रू, आतबाहेर करायला दुसरा, तारेचा कोन बदलायला तिसरा. जितके स्क्रू तितकी सोय, असे माझ्या लेथवाल्या डोक्याला वाटले. पुढल्या दोन महिन्यांत पोरीचे बाण खाली उतरू लागले. मैदानावरच्या जाणत्यांनी सांगितले, हात थकतो आहे, दंडात जोर नाही. तिने जोर काढले, दोरी ओढण्याचा व्यायाम वाढविला. बाण खालीच. जिल्ह्याची निवड त्यातच हुकली. एके संध्याकाळी धनुष्याची पेटी माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, “काका, माझा हातच वाईट आहे. मी आता जात नाही मैदानावर.”

तिला एक चांगली सवय होती. साइट रोज कोणत्या आकड्यावर ठेवली ते ती वहीत लिहून ठेवी. ती वही मी चाळली. दोन महिने तो आकडा एकाच दिशेने सरकत गेला होता. माणसाचा हात थकला तर तो आज थकेल, उद्या ताजा होईल. आकडा पुढेमागे होईल. इतक्या शिस्तीने एकाच दिशेला हात थकत नाही. इतक्या शिस्तीने फक्त स्क्रू सैल होतो! मी तिचीच नखे रंगवायची बाटली मागितली आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सरावानंतर पाहतो, तर वरखाली करण्याच्या स्क्रूवरची रेघ तुटली होती. बाण सुटताना धनुष्याला जो हादरा बसतो त्याने तो स्क्रू केसाकेसाने फिरत होता, कारण त्याला जागेवर जखडणारा दुसरा स्क्रूच नव्हता. तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की जे फिरते त्याला जखडायची सोय आधी पाहा. तेच मी स्वतः पाहिले नाही. आणि त्याचा दोष दोन महिने एका मुलीच्या हातावर गेला.

तेव्हापासून माझी पारख बदलली. आता बाजारात काय मिळते ते थोडक्यात सांगतो. पहिला प्रकार प्लास्टिकच्या एकाच तुकड्याचा, मागे चिकटपट्टी असलेला. हा स्वस्त असतो. त्याला स्क्रू नाही, म्हणून सैल होणारेही काही नाही. जागा बदलायची तर उपटून पुन्हा चिकटवावा लागतो. नवशिक्याला पहिले वर्ष हा पुरेसा आहे. दोन जास्तीचे तुकडे पेटीत ठेवावेत आणि चिकटवण्यापूर्वी धातू नीट पुसून घ्यावा. दुसरा प्रकार तारेच्या हाताचा, ज्याला लहानसे चुंबक असते. बाणाचा धक्का लागला की तार आत मिटते आणि चुंबक तिला पुन्हा जागेवर आणते. तिसरा प्रकार रायझरच्या छिद्रातून स्क्रूने पक्का बसणारा, उंची बदलता येणारा. ज्याचे बाण अजून बदलत आहेत, ज्याचे धनुष्य दरवर्षी जड होत आहे, त्याला हा सोयीचा. मात्र जखडणारा स्क्रू आहे ना, हे आधी पाहावे.

एक सावधगिरीची सूचना. अदिती आणि ओजस ज्या धनुष्यावर जिंकले ते चाके असलेले कंपाउंड धनुष्य. त्यात दोरी बोटांनी सोडत नाहीत, हातातल्या कळीने सोडतात. त्यामुळे बाण मुख्यतः वरखाली वाकतो आणि त्याची टेकणही वेगळ्या घाटाची असते. प्रवीण जाधवच्या हातातले धनुष्य ते रिकर्व्ह. कंपाउंडची बाणाला चोहोबाजूंनी वेढणारी टेकण रिकर्व्हला लावली, तर बाजूला वाकणारा बाण तिच्यावर आपटेल. तसेच उजव्या हाताची आणि डाव्या हाताची टेकण वेगळी, हेही विसरू नये. नियमांची भीती बाळगण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय नियम रिकर्व्हला हलविता येणारी टेकण आणि बटन दोन्ही वापरू देतात. ती विजेवर चालणारी नसावी, नेम धरायला जादा मदत करणारी नसावी, आणि बाजूचा दाबबिंदू मुठीच्या घळीपासून ४ सेंटिमीटरांहून अधिक मागे नसावा, एवढेच.

दुकानात करावयाची परीक्षा साधी आहे. तार बोटाने मिटवा आणि सोडा, दहादा करा. दहाही वेळा ती त्याच जागी, विना अडखळता परत येते का? मग सगळे स्क्रू घट्ट करून तार हळूच दाबा. डुगडुगते का? डुगडुगत असेल तर कितीही महाग असो, परत ठेवा.

बसविताना, बाणाच्या काडीचा मध्य बटनाच्या टोकाच्या मध्यावर येईल इतकी उंची ठेवावी. वरून पाहिले असता तार काडीच्या बाहेर डोकावता कामा नये. नाहीतर जाताना पिसे तिला घासतील. घासतात की नाही ते कळण्यासाठी पिसांना थोडी पावडर लावून बाण सोडावा. तारेवर पांढरे उमटले की समजावे. मागून पाहून दोरी धनुष्याच्या मध्यरेषेवर आणली, की उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या बाणाचे टोक दोरीच्या किंचित डावीकडे दिसावे. मग पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन बाण सोडावेत. बिनपिसांचे डावीकडे गेले तर बाण फार ताठ, उजवीकडे गेले तर फार लवचिक. थोडा फरक बटनाच्या स्प्रिंगने निघेल. फार असेल तर बाणच बदलले पाहिजेत; तेथे टेकणीचे स्क्रू फिरवीत बसणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. म्हणून पैसे थोडे असतील तर ते आधी धनुष्याला जुळणाऱ्या बाणांवर खर्च करावेत, टेकणीवर मागाहून.

एकदा बसली, की स्क्रूवर रंगाची रेघ ओढावी, उंची वहीत लिहावी, आणि हात काढून घ्यावा. हलविता येणारी टेकण रोज हलविण्यासाठी नसते. ती एकदा योग्य जागी नेता यावी आणि मग तेथे राहावी, यासाठी असते. एक बाण चुकला की स्क्रूकडे हात नेणाऱ्या मुलाला कधीच कळत नाही, की चूक हाताची होती की तारेची. कारण दोन्ही एकदम हलत असतात. दोहोंपैकी एक स्थिर असले, तरच दुसऱ्याची परीक्षा होते.

आणि आईवडिलांना व शिकविणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. मुलाचा नेम सतत एकाच बाजूला जाऊ लागला, तर त्याच्या हाताला बोल लावण्यापूर्वी पाच मिनिटे त्याचे धनुष्य पाहा. स्क्रू सैल झाला तर पान्याने आवळता येतो. पण ‘माझा हातच वाईट’ असे एकदा मुलाच्या मनाने घेतले, तर ते आवळायला माझ्या तंत्रशाळेत अजून पाना निघालेला नाही.

माझ्या पुतणीने ती पेटी त्या रात्री परत घरी नेली. एक स्क्रू आणि त्याला जखडणारा एक, अशी साधी टेकण आम्ही बसविली. त्या वर्षीची निवड हुकली ती हुकलीच. पण ती आजही मैदानावर जाते आणि वहीत आकडा लिहिते. मागच्या रविवारी मी पाहिला. चार महिने तो एकाच जागी आहे.